बाईसाहेबांचे पाय

१

शनिवारी काउंटीच्या जत्रेतून बहिणीकडे जाऊन नेल्डा हॉर्स्टमन दुपारी तीनला विमानतळावर परतली, तेव्हा धावपट्टीवर बाईसाहेब पोटावर बसलेल्या होत्या.

बाईसाहेब म्हणजे डॉक्टर आर्डेन कुचेरांचं विमान. चार आसनांचं, पांढरं, निळ्या रेघेचं. नॉरिसबर्गच्या विमानतळावर एकूण अकरा विमानं होती आणि त्यातल्या दहांचे पाय कायमचे खाली असत, खुर्चीच्या पायांसारखे. ती विमानं उडायची तीही पाय लोंबते ठेवून. फक्त या एकीला हवेत गेल्यावर पाय पोटाशी घेऊन बसायची सवय होती, म्हणून हे नाव पडलं. उतरण्याआधी वैमानिकानं एक दांडी खाली ओढायची, की पाय बाहेर येतात आणि समोर तीन हिरवे दिवे लागतात. दांडी ओढायची राहिली तर काय होतं, ते आता सगळ्या नेब्रास्काला दिसेल असं समोर पडलेलं होतं. पंख्याची दोन्ही पाती मागे वळली होती, वाळत चाललेल्या ट्युलिपसारखी.

नेल्डा या विमानतळाची व्यवस्थापक होती, मेकॅनिक होती आणि गवतही तीच कापायची. बावीस वर्षांच्या नोकरीत तिनं बरंच काही पाहिलं होतं, पण विमान आडवं आणि माणूस गायब, हे नवीन होतं. दार बंद होतं. आत कुणी नव्हतं.

माणूस मात्र फार लांब नव्हता. डॉक्टर आपल्या हँगरच्या दारात नेहमीच्या घडीच्या खुर्चीवर बसले होते. वय एकोणऐंशी, उंची जेमतेम सव्वापाच फूट, डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची टोपी.

"डॉक्टर, लागलं का कुठे?"

"नाही."

"कोण चालवत होतं?"

"मीच. एकटा होतो. चाकं खाली घ्यायची विसरलो." डॉक्टर धावपट्टीकडे बघत म्हणाले. "तुझ्या कागदावर काय लिहायचं ते लिही."

नेल्डानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. या गृहस्थानं पंचेचाळीस वर्षं गाईघोड्यांना सुई टोचताना 'काही होणार नाही' असं सांगितलं होतं. खोटं बोलायचा त्यांना सराव होता, फक्त उलट प्रश्न विचारणारं जनावर त्यांना कधी भेटलं नव्हतं.

आणि हे वाक्य त्यांना फार महागात पडणार होतं. मार्चमध्ये डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा डॉक्टरांनी परवाना परत केला होता. त्यांची मुलगी कोरीन त्यांना ओमाहाला, म्हाताऱ्यांच्या निवासात न्यायला निघाली होती. शेवटी तडजोड झाली. बाईसाहेब ड्वेन पोस्पिशिलला विकायची, पण हँगर आणि खुर्ची डॉक्टरांकडे राहील. रोज सकाळी इथे यायचं, कॉफी प्यायची, विमानं बघायची. अट एकच होती: पुन्हा सुकाणूला हात लावायचा नाही. हात लावला तर काउंटीचं मंडळ हँगर काढून घेईल आणि कोरीन ओमाहाची गाडी काढेल. मंडळाची बैठक मंगळवारी होती, म्हणजे सोमवारपर्यंत नेल्डाचा अहवाल जायला हवा होता.

"तुम्ही शब्द दिला होता, डॉक्टर."

"दिला होता खरा."



नेल्डा पुन्हा विमानापाशी गेली. तिनं जमिनीवरचा ओरखडा चालत मोजला. धावपट्टीच्या टोकाला जो मोठा पांढरा सतराचा आकडा रंगवलेला आहे, त्या आकड्यावरच तो सुरू होत होता आणि एकशे ऐंशी पावलांवर संपत होता. सुरुवातीला नुसती एक बारीक चीर होती. शेपटीखालचं दोर बांधायचं कडं आधी टेकलं होतं, पोट मागाहून. तिनं ते वहीत टिपलं. मग पंखावर चढून दार उघडलं आणि आत डोकावली.

चाकांची दांडी वरच होती. डावं आसन, म्हणजे वैमानिकाचं, उघडं होतं. आणि उजव्या आसनावर घोड्यावर टाकायच्या घोंगडीची चौपदरी घडी होती. तिच्यावर बसल्याचा खळगा अजून भरून आला नव्हता.

२

ती घोंगडी सगळ्या गावाला माहीत होती. डॉक्टरांची उंची अशी, की घडी घेतल्याशिवाय त्यांना विमानाच्या नाकापलीकडचं काही दिसत नसे. गेली तीस वर्षं ती घडी डाव्या आसनावर होती. आज ती उजवीकडे होती, याचा अर्थ डॉक्टर उजवीकडे बसले होते. आणि विमान डावीकडे बसलेल्या कुणीतरी उतरवलं होतं.

त्या कुणातरीचं नाव लपवण्यासाठी डॉक्टर आपली खुर्ची द्यायला निघाले होते.

तासाभरात जत्रेतले लोक बातमी लागून येऊ लागले. सगळ्यात आधी आला मास्तर, म्हणजे रॉयस लिंडक्विस्ट. वय सहासष्ट. चाळीस वर्षांत त्यानं निम्म्या काउंटीला उडायला शिकवलं होतं, नेल्डालासुद्धा. साठ मैलांच्या परिसरात दुसरा शिक्षक नव्हता. त्याचं शिकवणीचं विमान जुनं होतं, उंच पंखांचं आणि अर्थातच कायम पाय खाली सोडलेलं.

मास्तर आणि डॉक्टर यांचं भांडण ही विमानतळाची करमणूक होती. रोज सकाळी कॉफीच्या खोलीत दोघं समोरासमोर बसत. डॉक्टर म्हणत, पाय मिटले की ताशी वीस मैल वेग वाढतो, आणि आकाशात पाय लोंबवत फिरणं हे सभ्य माणसाचं लक्षण नाही. मास्तर म्हणे, वीस मैलांनी वाचवलेल्या वेळाचं तू आजवर काय केलंस ते सांग. इथेच येऊन बसलास ना? जे मिटत नाही ते विसरता येत नाही. अकरा वर्षांपूर्वी त्यानं जाहीर केलं होतं, की पाय मिटणाऱ्या विमानात आपण पुन्हा बसणार नाही. डॉक्टरांनी त्यावर बाईसाहेबांच्या वतीनं आभार मानले होते.

आज मास्तर कुंपणाला टेकून बाईसाहेबांकडे बघत उभा होता. नेल्डाला वाटलं, आता हा तीस वर्षांचं उट्टं काढणार. पण तो काही बोलला नाही.

"बोल की," ती म्हणाली. "अशी संधी परत मिळायची नाही."

"देवानं बदकाला पाय मिटायची अक्कल दिली," मास्तर म्हणाला. "माणसाला दिली नाही." हे वाक्य त्याचं नेहमीचं होतं, फक्त आज त्यात जीव नव्हता.

"तू कुठे होतास?"

"जत्रेत. बारापासून तिथेच होतो." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "जनावरांच्या स्पर्धेत ड्वेनचं मेंढरू बघितलं. रिंगणात झकास उभं होतं."

"डॉक्टर म्हणतात, ते एकटे होते."

"असं म्हणाला?" मास्तर धावपट्टीकडून हँगरकडे आणि हँगरकडून आपल्या बुटांकडे बघत म्हणाला. "मग तसंच असेल. म्हातारा खोटं कशाला बोलेल?"

सहाच्या सुमारास कोरीन ओमाहाहून आली. पन्नाशीची, शाळेची मुख्याध्यापिका. तिनं वडिलांना वरपासून खालपर्यंत तपासलं, मग नेल्डाला बाजूला घेतलं.

"मंगळवारी मी त्यांना नेतेय."

"थोडं थांब. काही गोष्टी जुळत नाहीयेत."

"नेल्डा, तुला खरं सांगू? फोन आला, 'बाबांनी विमान पाडलं' असं कळलं, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता वाद घालावा लागणार नाही, असं." ती चष्मा पुसत राहिली. "स्वतःच्या बापाबद्दल. मग दीडशे मैल त्याचाच विचार करत आले."

"तू विमानाला कधी हात लावलायस?"

"मी? मला तर आरशात बघून गाडी मागे घेता येत नाही." मग तिच्या लक्षात आलं. "तू माझ्यावर संशय घेतेयस?"

"सगळ्यांवर घेतेय. तुझ्यापासून सुरुवात केली म्हणजे लवकर संपेल."

कोरीन कडवट हसली. "मग त्याला विचार. ज्याच्याकडे गुरुवारपासून किल्ली आहे."

३

ती किल्ली ड्वेन पोस्पिशिलकडे होती. विमान घेण्याआधी नीट तपासून बघतो, असं सांगून त्यानं ती नेली होती. ड्वेन बियाणं विकायचा. सव्वासहा फूट उंच, मोठ्या आवाजाचा आणि कुठलीही गोष्ट उद्यावर न टाकणारा माणूस. त्याचं स्वतःचं विमान साधं, न मिटणाऱ्या पायांचं. ते धावपट्टीवर उतरवताना तो नेहमी पलीकडच्या टोकापर्यंत जायचा. तिकडचं कुंपण दोनदा बदलावं लागलं होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर नेल्डानं त्याला गाडीतळावरच गाठलं. त्याच्या हातात ल्युथरन बायकांनी दिलेली खसखशीच्या कोलाचेची, म्हणजे गोड पावांची, थाळी होती.

"माझी बाईसाहेब मोडली म्हाताऱ्यानं," ड्वेन म्हणाला. "दहा दिवस. व्यवहार व्हायला फक्त दहा दिवस थांबायचं होतं."

"तुझ्याकडे किल्ली होती."

"आहे की." त्यानं खिसा थोपटला. "दुसरी म्हाताऱ्याकडे आहेच. म्हणजे? मॅडम, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"काल दुपारी कुठे होतास?"

"रिंगणात. दोनशे माणसांसमोर. मेंढराला धरून."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ कसला, जन्मभर वाटला तो वेळ." ड्वेननं थाळी गाडीच्या टपावर ठेवली, कारण पुढची गोष्ट सांगायला त्याला दोन्ही हात लागणार होते. "एकला रिंगणात गेलो. आमचं ते मेंढरू आत शिरलं आणि बसलं. बसलं म्हणजे बसलंच, पाय पोटाखाली घेऊन. मी ओढलं, ढकललं, त्याच्या कानात बोललो. परीक्षक वाकून बघायला गेला तर त्यावरच अडखळून पडला, चष्मा एकीकडे, कागद एकीकडे. लोक हसून हसून रडत होते. शेवटी दोघांनी उचलून बाहेर नेलं. मेंढराला. परीक्षक आपला आपण गेला."

"मी साडेबाराला ॲपल-पाय घेऊन निघाले होते, बहिणीकडे. माझं राहिलंच ते बघायचं."

"गावात तुम्ही एकट्याच उरलात मग. पाद्रीसुद्धा आज प्रवचनात मेंढरांचा विषय टाळत होते." ड्वेन थोडा थांबला. "नाही, आणखी एक जण नव्हता. मास्तर. दरवर्षी पहिल्या रांगेत बसतो माझी टिंगल करायला. मी पडलो तर बघायला हाच हवा होता, आणि हाच नाही. अडीचनंतर ॲपल-पायच्या टेबलाशी दिसला. मी म्हटलं, मास्तर, झालं का समाधान? तर म्हणाला, 'अभिनंदन.' मला वाटलं, नवीन प्रकारचा टोमणा असेल."



झकास उभं होतं, असं मास्तर म्हणाला होता.

त्या दुपारी जत्रेत असलेला माणूस वर्षभर दुसरं काही सांगणार नव्हता. आणि त्याला मेंढरू उभं असलेलं दिसलं होतं.

"कोलाचे घ्या एक," ड्वेन म्हणाला. "तुमचा चेहरा उतरलाय."

४

रविवारी दुपारी शेजारच्या शेतातून क्रेन आली. पट्टे घालून बाईसाहेबांना हळूहळू उचललं, चार फुटांवर धरलं. नेल्डा आत चढली. तिला मनापासून वाटत होतं, की यंत्रात काहीतरी बिघाड सापडावा. एखादी तुटलेली तार, जळलेली मोटर, काहीही. तार तुटली असेल तर कुणाचाच दोष नाही.

तिनं वीज सुरू केली. चाकं अजून पोटातच होती. मग इंजिनाची मूठ मागे ओढली, उतरताना ओढतात तशी.

भोंगा वाजला.

अशा विमानात त्यासाठीच तो बसवलेला असतो. वैमानिकानं मूठ मागे घेतली आणि चाकं आत असली, की कानठळ्या बसवतो. क्रेनवाल्यानं लांबून कानावर हात ठेवले. नेल्डानं दांडी खाली ओढली. पोटातून घरघर झाली, दारं उघडली, तिन्ही पाय शहाण्यासारखे बाहेर आले. एक हिरवा, दोन हिरवे, तीन हिरवे. भोंगा थांबला.

सगळं ठीक होतं, आणि त्यानंच तिची पंचाईत केली.

ती तशीच आत बसून राहिली. भोंगा काल दुपारीही वाजला असणार. जो कुणी डाव्या आसनावर होता, त्यानं तो ऐकला असणार. डॉक्टरांचं समजू शकतं, ते कानातलं यंत्र विमानात काढून ठेवतात. पण दुसऱ्याचं काय? कानाशी एवढा कल्लोळ चाललेला असताना माणूस विमान इतकं अलगद, इतकं सावकाश, नेमकं आकड्यावर कसं टेकवतो? घाबरलेला माणूस असं उतरत नाही. बेफिकीर माणूसही नाही. असं उतरतो तो निश्चिंत माणूस. ज्याला भोंगा ऐकून बरं वाटतंय असा.

भोंगा ऐकून कुणाला बरं वाटतं?

तिला आपला पहिला धडा आठवला. मास्तरच्या जुन्या विमानात एकच भोंगा होता. चाकांचा नव्हे, त्या चाकांना विसरायची सोयच नव्हती. वेग संपत आला, पंखांखालची हवा सुटायला लागली, की तो वाजे. उतरताना जमिनीपासून हातभर अंतरावर तो वाजला पाहिजे, म्हणजे आधी शेपूट झुकतं, विमान आपसूक बसतं. मास्तर शेजारी बसून सांगायचा, 'अजून धर. अजून धर. गाऊ दे त्याला. गायला लागला की समज, नीट उतरलीस.'

चाळीस वर्षं एक माणूस प्रत्येक चांगल्या उतरण्याच्या शेवटी भोंगा ऐकत आला होता.

नेल्डानं वीज बंद केली. तिला वाटलं, क्रेनवाल्याला सांगावं, पुन्हा खाली ठेव, होतं तसं.

५

सोमवारी सकाळी मास्तरची शिकवणी नव्हती. तो आपल्या विमानाखाली पाटावर बसून टायरची हवा बघत होता. टायरला काही झालेलं नव्हतं.

नेल्डा उलटी केलेली बादली घेऊन समोर बसली.

"ड्वेनचं मेंढरू उभं नव्हतं," ती म्हणाली. "बसलं होतं."

मास्तरनं हवेचं मापक खाली ठेवलं. 

"बसलं होतं?"

"परीक्षक त्याच्यावर पडला."

"अरेरे," मास्तर म्हणाला. "आणि मी नव्हतो."

मग तिनं सगळं सांगितलं. उजवीकडची घोंगडी, आकड्यावर सुरू झालेली चीर, शेपटीचं कडं, भोंगा. मास्तर ऐकत होता, एखाद्या विद्यार्थिनीनं तोंडी परीक्षा छान द्यावी आणि आपल्याला ती नापास करता येऊ नये, तसा.

"एवढंच कळत नाहीये," ती म्हणाली. "भोंगा ही शेवटची गोष्ट. त्याच्या आधी तपासणीची यादी असते. तू यादी कधी चुकवत नाहीस."

"चुकवली नाही."

"मग?"

"आर्डेनला एकदा वर जायचं होतं. विकण्याआधी. म्हणाला, सुकाणूला हात लावणार नाही, शब्द दिलाय. मी उजवीकडे पाहुण्यासारखा बसतो, तू चालव. मी म्हटलं, मी अकरा वर्षांपूर्वी शपथ घेतलीय. तो म्हणाला, दोघांपैकी एकाला तरी शब्द मोडावा लागेल, तुझा स्वस्त आहे." मास्तरच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "सगळे जत्रेत. नदीवरून फिरवून आणला. काय पळते गं ती. पाय आत घेतले आणि अशी सुटली, की मला वाटलं, तीस वर्षं मी मूर्खासारखा भांडलो. त्याला तसं सांगितलंसुद्धा."

"काय म्हणाले?"

"रडला. म्हणाला, डोळ्यांत थेंब घातलेत."

लांब कुठेतरी मक्यावर फवारणीचं यंत्र सुरू झालं.

"मग परत वळलो. यादी म्हटली मोठ्यानं, नेहमीसारखी. इंधन? भरलंय. पट्टे? बांधलेत. चाकं?" मास्तर थांबला.

नेल्डाला पुढचं येत होतं. काउंटीत उडणाऱ्या प्रत्येकाला येत होतं. न मिटणाऱ्या पायांच्या विमानात हा प्रश्न विचारायची गरज नसते. पण मास्तरचा आग्रह असे, की विचारायचाच. उद्या कधी बाईसाहेबांसारखं विमान हाती आलं तर जिभेला सवय हवी. विद्यार्थी कंटाळू नयेत म्हणून त्यानं उत्तरही शिकवलं होतं, आणि सगळे ते एका सुरात देत.

"खाली," नेल्डा म्हणाली, "आणि वेल्डिंग मारलेली."

"तेच म्हणालो. चाळीस वर्षांत बारा-पंधरा हजार वेळा म्हटलं असेल. जीभ आपली म्हणून गेली आणि माझं समाधान झालं. आर्डेनला माझ्या ओठांवरून ते उत्तर वाचता येतं. त्याला वाटलं, मी त्याच्या बाईसाहेबांची थट्टा करतोय. तो हसला. तो हसला म्हणून मीही हसलो." त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. "मग भोंगा गायला लागला, आणि मला वाटलं, वा, काय उतरवतोय आपण."

मास्तरनं खाली ठेवलेलं मापक उचलून खिशात घातलं.

"थांबलो तेव्हा तो म्हणाला, तू जा. तुझी शिकवणीची पोरं आहेत, चौघांची सप्टेंबरात परीक्षा आहे. जो मास्तर चाकं विसरला त्याच्याकडे कोण शिकेल? माझं तर संपलंच आहे, माझ्या नावावर लिहू दे. मी नको म्हणायला हवं होतं. मी ॲपल-पायच्या टेबलाशी गेलो."

"ते ओमाहाला जातील, रॉयस. एकट्यानं उडवली म्हणून. त्यांनी शब्द पाळला आणि मोडला म्हणून सांगितलं."

"मला माहितीय."

"दोन दिवस माहितीय."

हे तिनं बोलायला नको होतं. मास्तरचा चेहरा एकदम सहासष्टचा सत्तरचा झाला. तो उठला, खिशातून पेन काढलं, ते चालतंय का ते तळहातावर रेघ ओढून बघितलं.

"कुठे सही करायची?" तो म्हणाला.

६

सोमवारी दुपारी नेल्डा डॉक्टरांकडे गेली. आपण चांगली बातमी घेऊन चाललोय, अशी तिची समजूत होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. कानातलं यंत्र घातलेलं होतं, तरी ते 'काय?' असं दोनदा म्हणाले.

"तू त्याला सही करायला लावलीस?"

"त्यानं आपणहून केली."

"मी तुला काय लिहायचं ते सांगितलं होतं."

"ते खरं नव्हतं, डॉक्टर. तुमचं हँगर जाणार होतं."

"हँगर माझं होतं," डॉक्टर म्हणाले. "ते मी कुणाला द्यायचं, हा माझा प्रश्न होता. या वयात माणसाकडे कुणाला देण्यासारखं काय उरतं, पोरी? मला एक वस्तू सापडली होती."

 नेल्डाचा अहवाल तोवर मंडळाकडे गेला होता आणि विमान खात्याची प्रत टपालात पडली होती.

मंगळवारी मंडळानं डॉक्टरांचं हँगर कायम ठेवलं. अध्यक्षांनी तर त्यांच्या शब्दपालनाचा गौरवानं उल्लेख केला. कोरीन वडिलांना मिठी मारून एकटीच ओमाहाला परतली. मास्तरच्या बाबतीत सरकारनं समजूतदारपणा दाखवला: एका अधिकाऱ्याला घेऊन एक फेरी मारून दाखवा, म्हणजे झालं. ती फेरी मास्तर झोपेतही मारू शकला असता. त्यानं त्याऐवजी परवाना एका पाकिटात घातला आणि परत पाठवून दिला. चौघांपैकी दोघं विद्यार्थी आता नव्वद मैलांवर शिकायला जातात, दोघांनी नाद सोडला. जुनं शिकवणीचं विमान आयोवातल्या कुणीतरी नेलं. ड्वेननं बाईसाहेबांना मोडक्या अवस्थेत घेतलं आणि तो सुट्या भागांची वाट बघत बसला.

डॉक्टर रोज सकाळी येत राहिले. आपली कॉफी घेत, टेबलाशी बसत. समोरची खुर्ची कुणी हलवली नव्हती. मास्तर विमानतळाकडे फिरकला नाही. किराणा दुकानात भेटला तर हवामानाबद्दल बोले. डॉक्टरांनी दोनदा फोन केला. मास्तरनं दोन्ही वेळा फार आदरानं बोलून ठेवून दिला, आणि तीस वर्षांत तो डॉक्टरांशी कधी आदरानं बोलला नव्हता.

सप्टेंबरभर नेल्डानं आपल्या परीनं प्रयत्न केला. एकदा कॉफी पिता पिता ती म्हणाली, की तिच्या मते पाय मिटणारी विमानं म्हणजे नसती उठाठेव आहे. डॉक्टरांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं.

"असेल," ते म्हणाले. "तुझं बरोबर असेल."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच कोरीनला फोन केला. मका निघाला होता, शेतं रिकामी दिसत होती. कोरीन गाडी घेऊन आली तेव्हा डॉक्टर हँगरच्या दारात तयार उभे होते, हातात एकच बॅग.

"बाबा, कुणी जबरदस्ती केलेली नाही," कोरीन म्हणाली. "हँगर तुमचंच आहे."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "चावी नेल्डाला दिलीय."

गाडी निघाल्यावर नेल्डा कार्यालयात आली. टेबलावर सकाळचं टपाल होतं. सरकारच्या विमान खात्यानं लिहिलं होतं, की आपला अहवाल कमालीचा अचूक असून निष्कर्ष तर्कशुद्ध आहेत, आणि नमुना म्हणून तो इतर छोट्या विमानतळांना पाठवण्यास आपली हरकत आहे काय.

दुपारी बाहेरगावचं एक विमान इंधनासाठी उतरलं. वैमानिक तरुण होता. त्यानं टाकी भरून घेतली, हात पुसले, चौफेर पाहिलं.

"छान जागा आहे," तो म्हणाला. "माझा भाऊ जवळच राहायला येतोय. त्याला उडायला शिकायचंय. इथे शिकवायला कुणी आहे का?"

"होता एक," नेल्डा म्हणाली आणि नळी गुंडाळायला लागली.